निळ्या ड्रमातली पावलं

माझा भाचा सव्वा महिन्याचा होण्याआधीच चालला होता, आणि ते सगळ्यात आधी पाहणारी मी होते. हे आज सांगितलं की माझ्याकडे लेकरांच्या फिजिओथेरपीचं काम शिकायला येणाऱ्या पोरी गालातल्या गालात हसतात, कारण त्यामागचं कारण त्या पहिल्याच वर्षी पाठ करून आलेल्या असतात. मला कुणी काही शिकवलं नव्हतं. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, निकालाची फिकीर नसलेली, वारंगा फाट्यावर ट्रकांच्या आवाजात वाढलेली मी पोरगी. तान्ह्या बाळाचा माणूस कसा होत जातो ते मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जवळून बघितलं, आणि बघता बघता सगळं घर आणि अर्धी गल्ली कामाला लावली.

आमचं घर म्हणजे बाबांच्या पंक्चरच्या दुकानाची मागची बाजू. पुढे पत्र्याचं शेड, त्यात हवेचं मशीन, टायरांची चळत, पाण्याने भरलेला अर्धा कापलेला ड्रम. मधे एक दार, आणि दाराच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या. मशीन धडधडायला लागलं की भिंतीवरच्या तसबिरी थरथरायच्या आणि मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिण करायच्या. रिमवर घण पडायचा, एसटीचे कंडक्टर "नांदेड, नांदेड" म्हणून ओरडायचे, नागपूरकडचे ट्रक भोंगे वाजवत वळायचे. त्या सगळ्या गदारोळात माझी ताई पहिल्या बाळंतपणाला आली. मग रबराच्या सोल्यूशनच्या वासात शेपूच्या भाजीचा वास मिसळला, माय डिंकाचे लाडू वळायला बसली, आणि बाजरीची गरम भाकरी, वर तुपाची धार, हे सगळं फक्त ताईच्या ताटात पडायला लागलं. आम्हाला आपली ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. मी एकदा डिंकाचा लाडू उचलला तर माय म्हणाली, "तुला झालंय का लेकरू? ठेव तिथं."

लेकरू झालं ते गोंडस वगैरे काही नव्हतं. लालभडक, सुरकुतलेलं, पाय बेडकासारखे पोटाशी घेतलेलं. बाबांनी त्याला बघून "गुंड्या" म्हटलं आणि नाव ठेवायच्या दिवशी सुमेध ठेवलं तरी तो गुंड्याच राहिला. त्याला न्हाऊ घालायला गल्लीतली गयाबाई यायची. गयाबाई म्हणजे फाट्यावरच्या समस्त लेकरांची मालक. पाय लांब करून बसायची, पायांवर बाळ पालथं घालायची, तेल लावून असं रगडायची की बघणाऱ्याच्या अंगाला घाम यावा. मग कढत पाणी, मग ओव्याची धुरी, मग कपड्यात घट्ट गुंडाळी. त्या गुंडाळीला हात लावायची मला परवानगी नव्हती. "मान धरली न्हाई अजून," हे एक वाक्य दिवसभर कुणी ना कुणी मला ऐकवायचं.

एका सकाळी गयाबाईला चहा हवा होता, मायचा तवा तापलेला, ताई केस पुसत बसलेली. न्हाऊन निघालेला गुंड्या पंच्यासकट माझ्या हातात आला. मी त्याच्या दोन्ही काखांत हात घातले, बोटं मानेमागे ठेवली आणि नुसतं त्याचं तोंड नीट बघावं म्हणून समोर उभा धरला. त्याचे तळवे लाकडी पाटाला लागले. मग त्याने उजवा पाय गुडघ्यात वाकवला, चांगला वर घेतला आणि पुढे ठेवला. मग डावा. मग परत उजवा. मी त्याच्याबरोबर वाकून वाकून पाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचले तरी गडी थांबेना.

"माय, हा चालून राहिलाय."

"कोन?"

"गुंड्या."

"खुळी हायेस का गं? ठेव त्याला खाली, मान बग त्याची," असं म्हणत माय वळली आणि तशीच राहिली. तव्यावरची भाकरी करपली. गयाबाई बशीतला चहा तसाच धरून पुढे सरकली आणि म्हणाली, "माय व्हो. एवढी लेकरं ह्या पायावर न्हाऊ घातली मी, असं न्हाई बगितलं." आता वाटतं, बघणार कसं? आमच्याकडे तान्हं लेकरू आडवंच असतं. पाळण्यात आडवं, मांडीवर आडवं, न्हाताना आडवं. सव्वा महिन्याच्या आत त्याला उभं धरायचा आगाऊपणा माझ्याआधी गल्लीत कुणी केलाच नव्हता. बाबा काळे हात अंगापासून लांब धरून दारात आले, पाटाकडे बघत म्हणाले, "आपल्या खानदानात एवढ्या लवकर कुणी कामाला लागलं न्हाई."

त्यानंतरचे दिवस म्हणजे माझी जत्रा. शेजारच्या बाया भाकऱ्या उरकून यायच्या, पोरं शाळेतून थेट आमच्याकडे, एक जीपवाला तर बायकोला घेऊन आला. मी पाट मांडायची, पंचा सोडायची, गुंड्याला धरायची, आणि तो मान जराशी डुलवत एखाद्या कारभाऱ्यासारखा पावलं टाकायचा. बाया तोंडाला पदर लावायच्या. ताई आतून "पुरे गं आता" म्हणायची, पण तिच्या आवाजात राग नसायचा. आपल्या पोटचं पोरगं गावभर गाजतंय हे तिला मनातून आवडत होतं. ही बातमी एसटीबरोबर हिंगोलीला गेली, तिथून सेनगावकडे, आणि ताईच्या सासरी साखऱ्याला पोचेपर्यंत तिला चांगलेच पाय फुटले होते. दाजींनी निरोप धाडला, आई विचारून राहिलीय, नातू वसरीच्या पायऱ्या उतरतो हे खरं हाय का?

चालणं एवढंच नव्हतं. त्या पोराच्या अंगात काय काय भरलेलं होतं. गालाला बोट लावलं की तोंड उघडून तिकडे वळायचा, डाव्या गालाला डावीकडे, उजव्या गालाला उजवीकडे. तळहातात बोट ठेवलं की मूठ अशी आवळायचा की मला हात सोडवून घ्यावा लागायचा. दुकानात रिम आदळली की दोन्ही हात भसकन पसरायचा, बोटं ताणायचा आणि मग कुणाच्या तरी गळ्यात पडल्यासारखे ते हात परत छातीशी आणायचा. झोपेत हसायचा तेव्हा गयाबाई म्हणायची, सटवी हसवतीय. बाबा म्हणायचे, "सटवीला दुसरं काम न्हाई का? भर दुपारी पंक्चरच्या दुकानात येऊन बसती."

मला सगळ्यात आवडायचा त्याचा तिरंदाज. पाळण्यात त्याने मान दाराच्या उजेडाकडे वळवली की त्याच बाजूचा हात सरळ लांब जायचा आणि दुसरा हात कोपरात वाकून डोक्यापाशी यायचा, थेट धनुष्य ताणल्यासारखा. मान दुसरीकडे वळवली की हात आपोआप बदलायचे. मी पाळण्याच्या या बाजूने बोलायची, मग त्या बाजूने बोलायची, आणि तो इकडून तिकडे नेम धरायचा. पहिल्या दिवसांत त्याची नजर माझ्यावर टिकायची नाही, माझ्या आरपार काहीतरी बघतोय असं वाटायचं. बाबांनी सायकलच्या जुन्या लाल ट्यूबची फुलं कातरून दिली, ती मी पाळण्याला टांगली. हळूहळू डोळे त्या फुलांवर थबकायला लागले. आणि लांब केलेला तो हातही त्याच्या नजरेच्या वाटेत यायला लागला. त्या हाताकडे तो बघायचा खरा, पण तो आपलाच आहे याचा त्याला पत्ता नसावा. आज मी आयांना हे समजावून सांगते तेव्हा माझा स्वतःचा उजवा हात नकळत तसाच लांब होतो. जन्माला येताना लेकरू ही सगळी तयारी घेऊनच येतं. त्याला ना शिकवावं लागतं, ना त्याच्या मनावर ते असतं. मान वळते, हात लांब होतो, आणि डोळ्याला हात सापडतो.

आणि मग चालणं बंद झालं.

एकदम नाही. आधी पावलं मंदावली, मग एकच पाय उचलायचा, मग तोही नाही. मान धरायला लागला होता, माझ्याकडे बघून तोंडभर हसत होता, आवाज काढत होता, पण पाटावर उभं धरलं की पाय नुसते लोंबायचे. मी पाट बदलला. तळव्यांना गुदगुल्या केल्या. ताईला कळू नये म्हणून तिची पाठ वळली की करून बघायची. शेवटी एका दुपारी तीन-चार बाया कौतुकाने बसलेल्या असताना गुंड्याने दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि माझ्या हातांत नुसता लटकला. गयाबाईने त्याच्या पोटऱ्या चाचपल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "लई दाखवलंस गं बाई. नजरेनं पाय बसले लेकराचे."

मला राग आला. आजही आठवलं की येतो. बाया आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या होत्या, मी काही दवंडी पिटली नव्हती. पण घरात ते वाक्य रुजलं. माय मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागली, बाबा त्यावरून तिच्याशी भांडायला लागले, ताई जेवेना. नजरेपेक्षा मोठी भीती वेगळीच होती आणि ती कुणी तोंडातून काढत नव्हतं. फाट्यावर एक शिंपी होता. तो आपला एक पाय हाताने उचलून मशीनच्या पट्टीवर ठेवायचा. आम्ही लहानपणापासून ते बघत आलो होतो. त्या दिवसांत ताई पाणी आणायला गेली तरी त्याच्या दुकानासमोरून जायची नाही. लेकराला पोलिओचे थेंब पाजलेले होते, पण घाबरलेल्या माणसाला थेंबांचा काय भरवसा वाटणार?

बाबा आम्हाला जीपमध्ये घालून कळमनुरीला घेऊन गेले. डॉक्टरांनी गुंड्याला टेबलावर झोपवलं, पाय वाकवले, सोडले, तळव्यावर नख फिरवलं. गुंड्याने त्यांच्या चष्म्याच्या दिशेने चांगली लाथ मारली. डॉक्टर हसले. "बाळ छान भरलंय. ते चालणं आपोआप येतं आणि आपोआप जातं. खरं चालणं वर्षाचा झाल्यावर. जा घरी," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. गोळी नाही, सुई नाही, टॉनिकची बाटली नाही. माय जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, "असला कसला डॉक्टर? औषिद न्हाई द्यायचं तर शिकला कामून?" बाबांचा अर्धा विश्वास बसला होता. ताईचा मुळीच नाही. ती म्हणाली, "आपोआप जातं म्हंजे? मंग आलंच कशाला व्हतं?" मला तो प्रश्न चावला, आणि पुढे आयुष्यभर चावत राहिला.

अशातच भर उन्हात साखऱ्याहून दाजी आणि त्यांची आई आली. जयभीम झाला, पाणी झालं, आणि बसायच्या आधीच मावशी म्हणाल्या, "कुटं हाय माझा चालणारा?" मी ताईच्या सासूला मावशी म्हणायची. सोबत त्यांनी नातवासाठी इवल्या चपला आणल्या होत्या, शिट्टी वाजणाऱ्या. त्या चपला बघून ताई रडायलाच लागली, आणि मग सगळं सांगावं लागलं. मावशींनी नातवाला मांडीवर घेतलं, पाय हातात धरले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मावशी वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या बहिणीचं पोरगं तापात पायांनी अधू झालं होतं. ते मिसरूड फुटेपर्यंत त्यांनी आणि बहिणीने आळीपाळीने त्याला पाठीवर वाहिलं होतं. त्यांना एवढंच कळत होतं की तेव्हा आपण उशीर केला.

गयाबाई कधी येऊन बसली कळलंच नाही. ती म्हणाली, "अजून येळ गेली न्हाई. दोनी घोट्यांना बिब्ब्याचे टिपके द्या. पाय जागे व्हतेत." बिब्बा म्हणजे सुईला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल गळतं. ते कातडीला लागलं की उततं, फोड येतात, जन्माचा डाग राहतो. मोठी माणसंही ओरडतात. मावशी म्हणाल्या, ऊन उतरलं की देऊ. बाबा उठून उभे राहिले.

"माझ्या घरात बिब्बा चालणार न्हाई, विहीणबाई. डॉक्टरनं सांगितलंय, पाय बराबर हायेत."

"डॉक्टरनं आमच्या बहिणीलाबी तेच सांगितलं व्हतं, भाऊ. लेकरू आमच्या घरचं हाय. तुमच्या घरात नको तर आमी साखऱ्याला नेऊन देतो. आजच्या गाडीनं."

दाजी खाली बघत बसले होते. ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. मी तिला लहानपणापासून ओळखते. तिला म्हणायचं होतं की माझ्या लेकराला डाग देऊ नका, आणि तिला हेही वाटत होतं की न दिल्याने पाय गेले तर? मला दोन्ही दिसत होतं. गयाबाईने पदराची गाठ सोडून बिब्बे दिव्याशेजारी काढून ठेवले.

पत्र्याखालची ती दुपार. आत बसवत नव्हतं. भांडणाने, उकाड्याने, सगळ्यांच्या हाती फिरून गुंड्या रडून रडून निळा पडायला आला. "काहून रडून राहिला एवढा? घेऊन जा गं त्याला सावलीला," मायने असं म्हणायचा अवकाश, मी त्याला उचलून बाहेर शेडमध्ये आणलं. तिथे बाबांचा नवा ड्रम होता. जुना लोखंडी ड्रम गंजून गळायला लागला म्हणून बाबांनी निळ्या प्लास्टिकचा ड्रम उभा चिरून आणला होता. त्याच सकाळी धुऊन हापशाच्या पाण्याने भरलेला, अजून एकही ट्यूब त्यात बुडाली नव्हती. दुपारभर उन्हाची तिरीप पडून पाणी कोमट झालं होतं. लेकराला पाण्यात बसवायची आमच्याकडे पद्धत नाही, पाणी वरून ओतायचं. मी त्याला फक्त गार वाटावं म्हणून दोन्ही काखांत धरून कमरेपर्यंत पाण्यात सोडला.

रडणं थांबलं. गुंड्याने डोळे मोठे केले. आणि पाण्याखाली त्याचा उजवा पाय वर आला. गुडघ्यात वाकला, पुढे गेला, ड्रमच्या तळाला टेकला. मग डावा. मग उजवा. तीच चाल, तोच कारभाऱ्याचा रुबाब. मी त्याला आणखी घट्ट धरलं. मग मी अशी ओरडले की रस्त्यापलीकडचे पानटपरीवालेसुद्धा वळून बघायला लागले.

"बाबा, चालतोय. पाण्यात चालतोय."

सगळे एका दारातून बाहेर यायला बघत होते. बाबा आधी आले. त्यांनी ड्रमपाशी उकिडवं बसून पाण्यात बघितलं, जसं ते रोज बघायचे, हवा कुठून सुटते ते शोधताना. "काढ त्याला वर," ते म्हणाले. मी वर काढलं. पाय लोंबले. "घाल." पाय चालायला लागले. "काढ." लोंबले. "घाल." चालले. बाबांनी गुंड्याची मांडी चिमटीत धरून बघितली. वळ्या पडलेली, गुबगुबीत, ताईने खाल्लेलं सगळं तूप तिथे जाऊन बसलेलं. मग त्यांनी शेजारी पडलेली ट्रकची ट्यूब एका हाताने उचलून धरली आणि दाजींना दाखवली. "ही अशी धरली तर हात भरून येतो. पाण्यात टाकली की बोटानं ढकलली जाती. पायात जोर हाय, जावई. पाय जड झालेत. डॉक्टर भरलंय म्हनाला ते हेच."

मावशींनी लुगड्याचा ओचा खोचला, ड्रमपाशी बसल्या आणि माझ्या हातातून नातू घेतला. स्वतःच्या हाताने वर काढला, स्वतःच्या हाताने आत सोडला. किती वेळ त्या तेच करत राहिल्या. गुंड्या मजेत पाणी तुडवत होता आणि त्यांच्या तोंडावर शिंतोडे उडत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हे तर चालून राहिलंय," आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताई ड्रमपाशी येऊन वाकली. दाजी पहिल्यांदा बोलले, "आई, बिब्बा नको."

गयाबाई मात्र गयाबाई होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाण्यानं नजर उतरली." मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी मला डोळ्याने गप्प केलं. "उतरली ना?" ते म्हणाले, "मंग गाठ बांधा त्या बिब्ब्यांची." गयाबाईने खरंच आत जाऊन बिब्बे उचलले आणि पदराला बांधले. त्या संध्याकाळी मायने आमच्या ताटातसुद्धा तुपाची धार सोडली, आणि मला न मागता डिंकाचा लाडू मिळाला.

पुढे शिकले तेव्हा कळलं की बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. पाय जड होतात हे खरं, आणि मेंदूही हळूहळू कारभार हातात घेत असतो हेही खरं. तो कारभार हातात घेताना मी त्याला पाहिला आहे. पाऊस लागल्यावर, ताई सासरी जायच्या आधी, तिरंदाज विरघळून गेला. मान वळली तरी हात आता तिकडे ओढला जात नव्हता. दोन्ही हात छातीवर समोरासमोर आले, आणि गुंड्याने ते डोळ्यांपुढे धरून उलटेसुलटे करून असे न्याहाळले, जणू कुणी नवीन वस्तू आणून दिलीय. मूठ आवळायची तीही आता आपोआप आवळेना. बोट ठेवलं तर कधी धरायचा, कधी सोडून द्यायचा. आणि एका दुपारी त्याने लाल रबराच्या फुलाकडे बघितलं, हात उचलला, चुकला, परत उचलला आणि फूल पकडलं. ताई शेजारी बसली होती. मी तिला म्हटलं, "बघ, पहिलं गेलं म्हणून हे आलं." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे आज लेकरं घेऊन आया येतात. काहींची पहिली पकड सुटता सुटत नाही, तर काहींचे डोळे हातामागे जात नाहीत. त्यांच्याबरोबर मी महिनोन् महिने बसते. पण अमुक एक गोष्ट बंद पडली म्हणून कुणी घाबरून आलं की मी आधी विचारते, त्याच्या जागी काय आलंय ते बघितलंत का?

पुढचा उन्हाळा तोंडावर आला तेव्हा साखऱ्याहून मावशी स्वतः ताईला आणि नातवाला घेऊन फाट्यावर उतरल्या. मी पळत रस्ता ओलांडून गेले, गुंड्याला उचलायला हात पुढे केले, तर मावशींनी मला अडवलं. आमच्या बाजूला येईपर्यंत त्याला कडेवर घेतला आणि शेडच्या पुढे आल्यावर उभ्या राहिल्या. "बोलवा समद्या बायांना," त्या म्हणाल्या. "ज्या ज्या मागं येऊन बसल्या व्हत्या, त्या समद्यांना बोलवा." बाया आल्या. गयाबाई शेवटी आली आणि तोंडावरून पदर ओढून पाठ वळवून उभी राहिली.

मावशींनी नातवाच्या पायांत शिट्टीच्या चपला घातल्या. "गयाबाई," त्या म्हणाल्या, "पदर काढा आन् बगा. आता ह्याचं चालणं ह्याचं सोताचं हाय. कुनाच्या नजरेनं जात न्हाई." आणि त्यांनी त्याला खाली सोडलं.

तो उभा राहिला, डुलला, दोन्ही हात वर घेतले आणि पाय फाकून निघाला. चपला पिकपिक वाजायला लागल्या. मी गुडघ्यांवर बसून हात पसरले होते, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तो माझ्याकडे बघून हसला, माझ्या शेजारून सरळ पुढे गेला आणि निळ्या ड्रमला जाऊन धडकला. दोन्ही हातांनी पाण्यावर चापट्या मारल्या आणि एक पाय उचलून काठावर टाकायला लागला. आत एका ट्रकची ट्यूब बुडालेली होती, ड्रायव्हर घाईने घड्याळ बघत होता. बाबांनी ट्यूब काढून बाजूला ठेवली, काळं पाणी ओतून दिलं आणि बादली घेऊन हापशाकडे निघाले.

"थांबा जरा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आधीचं गिऱ्हाईक आलंय."